जुना बॅकहो घेताय? आधी तेल तापू द्या, मग बोलणी करा

"मिस्त्री, सकाळी मशीन झकास चालतं, दुपारी मान टाकतं." जुना बॅकहो, म्हणजे पुढे लोडर आणि मागे खोदायची बकेट असलेलं मशीन, घेऊन माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक नवा मालक हेच सांगतो. लक्षणं अशी असतात:

- पहिला तासभर काम चोख, मग मागचा बूम (मुख्य हात) आणि डिपर (त्याच्या पुढचा, बकेट धरणारा हात) हळू पडतात.
- बकेट मुरमात घातली, लिव्हर पूर्ण ओढली, तरी बकेट जागेवर थांबते आणि इंजिनच्या आवाजावर ताण येत नाही.
- भरलेला लोडर अर्ध्या उंचीवर अडकतो. रेस वाढवली की कसाबसा वर जातो.
- ऊन चढलं की स्टेअरिंग जड होतं.
- पंपाकडून कण्हल्यासारखा बारीक आवाज येतो.
- बूम उचलून मशीन बंद केलं, तर चहा पिऊन येईपर्यंत तो हातभर खाली आलेला असतो.
- तासभर बंद ठेवून गार केलं की सगळं पुन्हा ठीक.

मी बार्शी भागात बॅकहो आणि पोकलेनच्या हायड्रोलिकची, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेची, कामं करतो. आमच्याकडे कुठल्याही कंपनीच्या बॅकहोला लोक जेसीबीच म्हणतात, आणि ही खोडही कुठल्या एका कंपनीची नाही, झिजलेल्या मशीनची आहे. जलयुक्त शिवार आणि मागेल त्याला शेततळे या योजनांच्या दिवसांत, म्हणजे २०१५ नंतरच्या चार-पाच वर्षांत, आमच्या भागात भरपूर मशीन आली. ती आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे चालली आहेत. घेणारा बहुतेक वेळा पंचविशीतला पोरगा असतो. थोडे पैसे बापाने द्राक्षाच्या पट्टीतून दिलेले, बाकी फायनान्सचं कर्ज. पहिला हप्ता यायच्या आत मशीन माझ्या दारात उभं राहिलं की त्या पोराच्या तोंडाकडे बघवत नाही. ही खोड पैसे देण्याआधी ओळखता येते, आणि ओळखायला फारसा खर्च येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तेल तापल्यावरच खोड का दिसते

हायड्रोलिक तेलाच्या बादलीवर ४६ किंवा ६८ असा आकडा असतो. ४० अंश सेल्सिअसला ते तेल किती घट्ट आहे, हे तो आकडा सांगतो. हेच ४६ नंबरचं तेल ८० अंशांपर्यंत तापलं की त्याचा घट्टपणा ११ च्या आसपास येतो, म्हणजे साधारण चौथा हिस्सा उरतो.

पंपाचे गिअर आणि त्याची बॉडी, कंट्रोल व्हॉल्वचा स्पूल (आत सरकणारी दांडी) आणि त्याचं भोक, यांच्यामध्ये केसाहून बारीक फट असते. तेल चौपट पातळ झालं की त्या फटीतून चौपट तेल मागे पळतं. नव्या मशीनमध्ये मुळात हे तेल इतकं थोडं असतं की चौपट झालं तरी ऑपरेटरला कळत नाही. पण झिजून फट दुप्पट झाली, तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते; बारीक फटीतली गळती फटीच्या रुंदीच्या घनाने वाढते. झिजलेल्या पंपात थंड, घट्ट तेल ही सगळी झीज झाकून ठेवतं. त्यामुळे थंड मशीनवरची दहा मिनिटांची ट्रायल पंपाबद्दल काहीही सांगत नाही. लोक मात्र नेमकी तीच ट्रायल घेऊन विसार देतात.

निघण्याआधी: एक फोन आणि कागद

आदल्या दिवशी विकणाऱ्याला फोन करा. सांगा, "मी सकाळी येतो, तोवर मशीन चालू करू नका. दोन तास काम करून बघणार, डिझेल माझं." थंड मशीन स्वतः चालू केल्याशिवाय इंजिनची खरी हालत कळत नाही, आणि गरम केल्याशिवाय हायड्रोलिकची कळत नाही. तुम्हाला दोन्ही टोकं बघायची आहेत. डिझेल तुमचं म्हटल्यावर सरळ माणूस नाही म्हणत नाही. "दोन तास कशाला, पाच मिनिटांत कळतं की" असं ज्याचं उत्तर असतं, त्याच्याकडे मी गिऱ्हाइकाला जाऊ देत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. टायरचा बॅकहो आरटीओकडे नोंदलेला असतो. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर मशीनवरच्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५ आणि त्यांची ना हरकत लागते. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. मशीन परराज्यातलं असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी. बोजा उतरलेला नसताना "नंतर करून देतो" या शब्दावर पूर्ण पैसे देऊ नका.

मशीन थंड असताना, डोळ्यांनी आणि हातांनी

पोचलात की आधी बॉनेटवर, मग सायलेन्सरजवळ हात न्या. ऊब लागली तर मशीन आधीच चालू करून ठेवलं होतं. तसं का केलं, हे विचारा. कधी कधी सकाळी खरंच काम आलेलं असतं. पण मग थंड स्टार्ट बघायला दुसऱ्या दिवशी परत जा.

आता हायड्रोलिकची टाकी. तेलाची पातळी बघताना मागचा बूम आणि लोडर कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या स्थितीत हवेत, कारण जॅक (बूम, बकेट हलवणारे सिलिंडर) बाहेर आलेले असले की टाकीतली पातळी खाली दिसते. थोडं तेल काचेच्या किंवा पारदर्शक बाटलीत घ्या. दुधाळ दिसलं तर बाटली अर्धा तास सावलीत ठेवा. खाली ठेवल्यावर तेल स्वच्छ झालं तर त्यात हवा होती, म्हणजे सक्शनच्या, पंप तेल ओढतो त्या, बाजूने कुठेतरी हवा ओढली जातेय. दुधाळच राहिलं किंवा तळाला पाणी बसलं, तर तेलात पाणी आहे. टाकीचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची टोपी) गायब असलेली आणि त्या जागी चिंधी कोंबलेली मशीनं मी पाहिली आहेत. पावसाळ्यात धुताना पाणी तिथूनच जातं. पाणी गेलेल्या तेलाने पंपाच्या बुशांवरचा तेलाचा थर तुटतो आणि झीज झपाट्याने वाढते.

तेल नाकाजवळही न्या. जळकट वास आला तर ते बराच काळ जास्त तापत आलेलं आहे. तेल हाताला नेहमीपेक्षा फार घट्ट लागलं तर सावध व्हा. पंप झिजलेला असला की काही जण टाकीत ६८ च्या जागी १०० नंबरचं तेल, नाहीतर चक्क इंजिन ऑइल ओततात. मग गरम झाल्यावरही मशीन थोडा वेळ तग धरतं. अशा मशीनमध्ये थंड असताना पंप मोठ्याने ओरडतो आणि बूम सुरुवातीला जडशीळ हलतो. टाकीत कोणतं तेल आहे, कधी बदललं, बिल आहे का, हे तिन्ही विचारा.

पुढे ऑइल कूलर आणि रेडिएटर. बॅटरी मारून पंख्याकडून आणि समोरून, दोन्ही बाजूंनी बघा. दोन कूलर एकामागे एक असतात आणि त्यांच्या मधल्या फटीत धूळ, पाचटाचा भुसा आणि गळलेलं तेल मिळून गादी तयार होते. बाहेरून कूलर स्वच्छ दिसतो, आत हवा जात नाही. खोड फक्त एवढीच असेल तर ती हवेने आतून बाहेर झाडून दोन तासांत सुटते. चांगलं मशीन केवळ गच्च कूलरमुळे पडत्या भावात मिळालेलं मी दोनदा पाहिलंय. पंख्याचा पट्टा ढिला आहे का, तेही तिथेच बघून घ्या. आणि रेडिएटरची टोपी फक्त थंड असतानाच उघडा.

सक्शन पाइपवर जरा थांबतो, कारण इथे लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. टाकीतून पंपाकडे तेल नेणारा हा जाड रबरी पाइप. यात दाब नसतो, ओढ असते, त्यामुळे तो गळत नाही आणि म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. जुना झाला की त्याचा आतला थर सुटतो. थंड असताना तो थर कडक असतो, तेल जातं. तापल्यावर मऊ होतो आणि पंपाच्या ओढीने आत पिचकतो. पंपाला तेल अपुरं पडतं, तो कण्हतो, मशीन ढिलं पडतं, आणि गार झालं की पाइप पुन्हा उघडतो. लक्षणं हुबेहूब झिजलेल्या पंपाची. दोन भाऊ माझ्याकडे मशीन घेऊन आले, तेव्हा त्यांनी दुसरीकडे नवा पंप बसवून घेतला होता. खोड तशीच होती. मी सक्शन पाइप काढून चिरला, तर आतलं अस्तर जिभेसारखं लोंबत होतं. पाइप आणि दोन क्लॅम्प बदलले आणि मशीन दिवसभर चाललं. मोठा भाऊ पंपाचं बिल हातात धरून बराच वेळ तसाच बसून होता.

बघताना पाइप हाताने दाबा. भुसभुशीत लागतो का, क्लॅम्पजवळ चिरा आहेत का, क्लॅम्प हाताने फिरतो का. पाच मिनिटांचं काम आहे.

पिन-बुशचा खेळ बघायला बकेट जमिनीला टेकवा आणि ऑपरेटरला लिव्हर अगदी थोडी हलवायला सांगा. बूमच्या बुडाशी, डिपरच्या सांध्यात, किंगपोस्टवर (बूम ज्यावर डावी-उजवीकडे फिरतो तो खांब) नजर ठेवा. बूम हलण्याआधी पिनच जागेवर हलताना दिसली तर बुश गेलेत. जॅकच्या रॉड पूर्ण बाहेर काढून त्यावर नख फिरवा, क्रोम निघालेलं किंवा ओरखडा नखाला लागतो. असा ओरखडा नवं सील महिन्याभरात खातो. तास दाखवणाऱ्या मीटरवर मात्र विसंबू नका, मीटर बदलता येतं. पॅडलचं रबर, लिव्हरच्या मुठी आणि सीटचा पाया खरं वय सांगतात.

थंड स्टार्ट आणि इंजिन

इंजिन अशक्त असेल तर हायड्रोलिकबद्दल काढलेला प्रत्येक निष्कर्ष चुकतो, म्हणून हे आधी. चालू होताना थोडा पांढरट धूर आला आणि दोन-तीन मिनिटांत गेला तर हरकत नाही. निळा धूर राहिला तर इंजिन ऑइल खातंय. ऑइल भरायची टोपी सैल करून बघा. टोपी थडथड उडत असेल आणि फक फक धूर मारत असेल तर बॅक कंप्रेशन आहे, म्हणजे पिस्टनवरचा दाब खाली गळतोय, इंजिनचं काम निघणार.

फुल रेसला इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं, तेही बघा. गिअर पंप जितका फिरेल तितकंच तेल देतो. पुस्तकात २२०० लिहिलेत आणि इंजिन १९०० वरच थांबतंय, तर चौदा टक्के तेल तिथेच कमी झालं. कारण कधी चोंदलेला एअर फिल्टर असतो, कधी डिझेल फिल्टर, कधी नुसती अ‍ॅक्सिलरेटरची ताणलेली केबल. या तीन स्वस्त गोष्टी तपासल्याशिवाय पंपाचं नाव घेऊ नका.

मोबाइलचं घड्याळ लावा

आता वही काढा. मशीन सपाट जागेवर, फुल रेस, बकेट रिकामी. लोडर जमिनीपासून पूर्ण वर जायला किती सेकंद, मागचा बूम खालून वर, डिपर आत-बाहेर, बूम डावीकडून उजवीकडे. प्रत्येक हालचाल तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा. हे झाले थंड आकडे.

मग दीड तास खरं काम. मोकळ्या मातीत नको; मुरमात किंवा घट्ट जागी चारी मारायला लावा. जमलं तर दोन हालचाली एकदम, बूम आणि डिपर, म्हणजे तेल लवकर तापतं. हे मार्च ते मे मध्ये, अकरानंतरच्या उन्हात केलं तर उत्तम. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि मशीनला पुढे त्याच उन्हात कमवायचंय. टाकीच्या पत्र्यावर हात दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेववत नाही इतकी टाकी तापली, की तेल साठच्या पुढे गेलं. मी साधा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरतो, बाजारात स्वस्तात मिळतो.

तेल तापलं की त्याच हालचाली, त्याच रेसला, पुन्हा मोजा. माझा स्वतःचा ठोकताळा असा: दहा-पंधरा टक्के फरक चालतो, त्या वयाच्या मशीनला तेवढा माफ. थंड असताना सहा सेकंद आणि गरम झाल्यावर साडेसात, म्हणजे पाव हिस्सा, इथे थांबून कारण शोधायचं. सहाचे नऊ झाले, तर पंप किंवा मेन व्हॉल्वच्या खर्चाची तयारी ठेवूनच किंमत बोला, किंवा नमस्कार करून निघा.

आकडे काय सांगतात

सगळ्याच हालचाली सारख्या हळू झाल्या आणि स्टेअरिंगही जड झालं, तर दोष सगळ्यांना तेल देणाऱ्या ठिकाणी आहे: सक्शन, पंप किंवा मेन रिलीफ (दाब ठरलेल्या हद्दीला पोचला की तेल परत सोडणारा व्हॉल्व). फक्त बूम हळू आहे आणि बाकी सगळं ठीक, तर पंपाला हात लावू नका. दोष बूमच्या जॅकमध्ये, त्याच्या स्पूलमध्ये किंवा त्याच लाइनच्या छोट्या रिलीफमध्ये आहे. एवढं वेगळं काढलं तरी निम्मं काम झालं.

आता कानाने ऐकायची तपासणी. बकेटचा जॅक शेवटपर्यंत नेऊन लिव्हर दोन-तीन सेकंद तशीच धरा. इंजिनचा आवाज दबला पाहिजे आणि रिलीफमधून सुंई असा आवाज आला पाहिजे. गरम असतानाही इंजिन तितकंच दबलं, तर दाब तयार होतोय. इंजिनला काही फरकच पडला नाही, तर तेल दाब न घेता कुठूनतरी परत पळतंय.

दोन-तीन सेकंद मुद्दाम म्हणतोय. मिनिटाला १०० लिटर तेल २०० बार दाबाने रिलीफमधून गेलं तर ३३ किलोवॅट उष्णता तयार होते, दोन किलोवॅटचे सोळा गीझर एकदम लावल्यासारखं. तेल तापवायची घाई म्हणून काही ऑपरेटर लिव्हर बांधून ठेवतात. ते कुणाच्याही मशीनवर करू नका, होज (दाबाचे रबरी पाइप) आणि सील त्याने भाजतात.

मग बूम उतरण्याची तपासणी. मागचा बूम अर्धा उचला, जमिनीपासूनची उंची टेपने मोजा, मशीन बंद करा आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. लोडरचंही तसंच. त्या वेळात बूमखाली किंवा लोडरखाली कुणीही जायचं नाही, बोट दाखवायलासुद्धा नाही. दहा मिनिटांत दोन-चार बोटं उतरला तर जुन्या मशीनला मी नावं ठेवत नाही. हातभर उतरला तर खर्च आहे. एवढ्यावरून "सील गेलं" असं मात्र ठरवू नका. तेल पिस्टनच्या सीलमधून जातंय की स्पूलमधून, हे नुसत्या उतरण्यावरून सांगता येत नाही, आणि स्पूल झिजलेला असताना सील किट बदलून लोक पुन्हा माझ्याकडे येतात.

गरम असतानाच मशीन पुढे-मागे चालवून बघा. फॉरवर्डवरून रिव्हर्स घातल्यावर सकाळी लगेच हललेलं मशीन आता दोन-तीन सेकंद विचार करत असेल, किंवा चढाला इंजिन रेस घेतं पण चाक ओढत नाही, तर तो हायड्रोलिकचा भाग नाही, ट्रान्समिशन आणि टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनची ताकद चाकांकडे नेणारा भाग आहे. त्याची डिपस्टिक काढून बघा. तेल काळं आणि जळक्या वासाचं, किंवा चमकणारी कणी दिसली, तर पुढे बघू नका. ट्रान्समिशनचा खर्च हायड्रोलिकलाही मागे टाकतो.

थोडे पैसे खर्चून: फिल्टर आणि गेज

इथवर मशीन पसंत पडलं असेल तर विकणाऱ्याला सांगा, "रिटर्न फिल्टर (टाकीत परत येणारं तेल गाळणारा) मी नवा आणलाय, जुना मला काढून द्या." जुना फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरा आणि लोहचुंबक फिरवा. काळे रबराचे तुकडे म्हणजे सील किंवा होजचं अस्तर तुटतंय. चुंबकाला चिकटणारी चकाकी म्हणजे लोखंड झिजतंय. पिवळी चकाकी म्हणजे पंपाच्या बुशांची झीज, आणि हे दिसलं की पंपाचे दिवस मोजायला लागा. फिल्टर अगदी कोरा निघाला, तर तो कालच बदललाय. का बदलला, ते विचारा.

शेवटी प्रेशर गेज. ० ते ४०० बारचं ग्लिसरीन भरलेलं गेज, त्याचा होज आणि त्या मशीनच्या टेस्ट पॉइंटला (दाब मोजायच्या जागेला) बसणारं कपलिंग. हे तुम्ही आधी केलेलं नसेल तर मिस्त्रीला सोबत न्या, हजेरी द्या. जोडण्याआधी बकेटा जमिनीवर, इंजिन बंद, सगळ्या लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडलेला आणि टाकीची टोपी सैल केलेली हवी.

बहुतेक बॅकहोंचा मेन दाब २०० ते २५० बारच्या दरम्यान असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातूनच घ्या. थंड असताना आणि गरम असताना, दोन्ही वेळा वाचा. थंडला २३० आणि गरमला २२५ दाखवलं तर दाब उत्तम. तरीही मशीन हळू असेल, तर पंप दाब देतोय पण तेल पुरेसं देत नाही. गरमला १६० वर आलं, तर आणखी एक गोष्ट बघा: हळू रेसला किती आणि फुल रेसला किती? हळू रेसला ९० आणि फुल रेसला १६०, म्हणजे कुठेतरी झिजलेल्या फटीतून गळती आहे. तेल जास्त आलं की गळती भरून थोडा दाब तयार होतो. दोन्ही रेसला १६० वरच अडकलं, तर रिलीफच तिथे उघडतोय. स्प्रिंग बसलेली आहे किंवा सीटवर कचरा अडकलाय, आणि ते काम पंपाच्या मानाने फारच स्वस्त. या एका फरकाने अनेकांचा पंप वाचलाय.

गेज लावताना रिलीफच्या स्क्रूकडेही बघा. लॉकनटवरचा रंग उडालेला, पान्याचे ताजे ओरखडे असतील, तर ताकद कमी पडते म्हणून कुणीतरी स्क्रू आवळलाय. आवळल्याने झिजलेला पंप बरा होत नाही. थंड असताना दाब हद्दीबाहेर जातो आणि होज फुटतात.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

दाबाखालच्या गळतीवर हात फिरवून गळती शोधायची नाही. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीत घुसतं. सुरुवातीला नुसतं टोचल्यासारखं वाटतं, पण आत तेल पसरलेलं असतं. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका, त्याच तासाला शस्त्रक्रिया होणाऱ्या मोठ्या दवाखान्यात जा आणि "हायड्रोलिक तेल दाबाने आत गेलंय" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठा फिरवतात.

रिलीफ सेट करणं, पंप उघडणं, स्पूल काढणं, जॅकचं सील तपासायला होज सोडणं, ही कामं ज्याच्याकडे फ्लो मीटर (तेल किती वाहतं ते मोजणारं यंत्र) आणि टेस्टिंगचं सामान आहे त्याचीच. पंपाचा खर्च पाच आकडी, कधी सहा आकडीही होतो. त्याआधी फ्लो मीटरने गरम तेलावर केलेली चाचणी लेखी मागा.

१ एप्रिल २०२१ पासून टायरच्या बांधकाम मशीनला सीईव्ही-४ चे प्रदूषण नियम लागू झाले. त्या नियमांप्रमाणे बनलेल्या बऱ्याच मशीनवर इंजिनचा कारभार इलेक्ट्रॉनिक आहे. दाब सगळा बरोबर असूनही इंजिन गरम झाल्यावर ताकद स्वतःहून कमी करत असेल, तर दोष सेन्सरमध्ये असू शकतो. अशा वेळी वायरी कापून जोडणाऱ्याला मशीनला हात लावू देऊ नका, कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसकडून दोषाचे कोड वाचून घ्या.

चेसिसला, किंगपोस्टजवळ किंवा बूमच्या बुडाशी तडा वाटला तर तेही जाणकाराचं काम. संशय असलेली जागा पुसून रॉकेल लावा, पाच मिनिटांनी कोरडी पुसा आणि वर खडू घासा. तडा असेल तर खडूवर ओली रेघ उमटते. रेघ उमटली तर वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याशी व्यवहार पुढे नेऊ नका. आधी स्ट्रक्चरचं वेल्डिंग जाणणाऱ्याला ती जागा दाखवा.

आणि मशीन घेतलंत, तर त्या दिवशीचे गरम आकडे मार्करने केबिनमध्ये लिहून ठेवा: तारीख, तेलाचं तापमान, लोडरचे सेकंद, बूमचे सेकंद. दर तीन महिन्यांनी, मे महिन्यात मात्र नक्की, पुन्हा मोजा. बूमचा आकडा एक सेकंदाने वाढला की आधी कूलर आणि सक्शन पाइप बघा, मग मला फोन करा.